चाकं वजा करून घेतलेली गाडी

पैसे देऊन झाल्यावर मी गाडी न्यायला गेले, तेव्हा ती साहेबांच्या शेडमध्ये विटांच्या चार थप्प्यांवर उभी होती. चाकं नव्हती. एकही नाही. गंजलेल्या थाळ्यांसारखे ब्रेक चारी बाजूंनी उघडे पडले होते आणि गाडीच्या पोटाखाली एक मांजर आरामात झोपलं होतं.

"चाकं कुठं गेली?" मी विचारलं.

"आत आहेत. स्वच्छ धुऊन ठेवली आहेत," साहेब म्हणाले.

"मग लावा ना बाप्पा."

"अगं, चाकं सौद्यात कुठं आहेत? तूच वजा केलीस ना?"

हे साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले अधिकारी. सिंदी मेघेत त्यांचा बंगला आहे. गाडी जपानी बनावटीची, दोन दारांची, जमिनीला चिकटून बसलेली. मुंबईला नोकरीत असताना देश सोडून चाललेल्या एका परदेशी माणसाकडून त्यांनी ती घेतली होती. तिचा लाल रंग उन्हानं उतरत उतरत टमाट्यावरून गाजरावर आला होता, पण इंजिन खणखणीत होतं. सौदा होण्याआधी मी स्वतः ती शेडमधून फाटकापर्यंत आणि परत चालवून पाहिली होती. चाकांवर.

वजा केल्याची गोष्ट अशी. मी भाजीचा ठोक धंदा करते. आंजीत घर आणि वावर, वर्ध्यातली हॉटेलं आणि वसतिगृहांच्या मेस माझी गिऱ्हाइकं. भाव पाडायची माझी एक पद्धत आहे. आख्ख्या मालाला मी कधी वाईट म्हणत नाही, एकेक खोट काढते आणि प्रत्येक खोटीचे पैसे वजा करते. साहेबांच्या गाडीचंही तेच केलं. रंग उडाला, वजा. सीट फाटली, वजा. मग चाकांपाशी आले. मॅगव्हील होती, हलक्या धातूची ओतीव, जुन्या घडणीची, पाच पाकळ्यांची. खरं सांगायचं तर गाडीत सगळ्यात देखणी तीच होती. मी नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे त भंगारात टाकाच्या लायकीचे आहेत साहेब. याचे पैसे काटा." साहेबांनी मुकाट्यानं काटले. मला वाटलं, माणूस हरला.

माणूस हरला नव्हता. माणसानं चाकं काढून घेतली होती.

आता माझ्या धंद्यातला रिवाज सांगते, म्हणजे माझ्यावर काय अन्याय झाला ते कळेल. क्रेटमध्ये चार टमाटे सडके निघाले तर आम्ही त्यांचं वजन वजा करतो. पण म्हणून कास्तकार ते सडके टमाटे निवडून, फडक्यात बांधून घरी नेत नाही. क्रेट आख्खं येतं. वजा केलेलं सुद्धा येतं. आर्वीच्या बाजारापासून वर्ध्यापर्यंत कुणाही माणसाला विचारा.

आणि हे कोण, तर ज्यांच्या दारात मी पोरसवदा असताना सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून भाजी नेत होते ते. त्यांच्या मॅडमनी वर्षानुवर्षं वरून फुकट सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतला. मिरच्या घेतल्या. उन्हाळ्यात सांभार सोन्याच्या भावानं जातो, तेव्हाही "अगं, थोडा वरून दे ना" म्हणत जुडीच उचलली. मी एका शब्दानं बोलले नाही. त्या सगळ्या सांभाराची पेरणी केली असती तर एक एकर भरलं असतं. आणि माझ्या वेळी वरून काय मिळालं? विटा. त्याही साहेब परत मागत होते.

राग माझ्या नाकावर असतो. त्या दिवशी मी साहेबांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की शेजारच्या बंगल्यातली दोन माणसं गच्चीवर आली आणि मांजर उठून गेलं.

ही गाडी मला का हवी होती, असं लोक विचारतात. माझ्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत, पाण्याचे पंप आहेत, वजनकाटे आहेत, क्रेट तर हजारांनी. आयुष्यभर मी फक्त उपयोगाच्या वस्तू घेतल्या. त्या गाडीचा काहीही उपयोग नव्हता, म्हणून मला ती हवी होती. तिला पोर्चमध्ये झाकून ठेवलेलं मी सायकलवर टोपली असल्यापासून पाहत होते. दुसरं कारण नाही, आणि असलं तरी सांगणार नाही.

क्रेननं उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि आंजीला आणली. अर्धं गाव रस्त्यावर आलं. कुणी विचारलं, "काऊन वो काकू, गाडीले पाय नाई आले का अजून?" घरी नवरा दारातच उभा होता. त्याला पिकअप हवी होती, मालवाहू, मागं हौदा असलेली, आणि त्याच पैशात तीन-चार वर्षं जुनी चांगली पिकअप आली असती. त्यानं ट्रॉलीत वाकून पाहिलं.

"चाकं?"

"येनार आहेत."

"चालत येनार आहेत का?"

रात्रीच्या जेवणापर्यंत आमचं भांडण ठरावापर्यंत आलं होतं. नागपूरला एक माणूस अशा जुन्या गाड्या घेतो. लग्नाआधीचे फोटो काढतात ना, नवरा-नवरी बॉनेटवर रेलून आभाळाकडे बघतात, त्यासाठी तो त्या भाड्यानं देतो. नवऱ्यानं गाडी घरात यायच्या आधीच त्याचा फोन नंबर मिळवला होता. ठरलं ते असं. संक्रांतीपर्यंत गाडी आंजीहून आर्वीला जाऊन परत आली पाहिजे. आम्ही दोघं आत बसून. आणि चाक कुठंही घासायला नको, ब्रेकरवर नाही की खड्ड्यात नाही. जमलं तर गाडी माझी, पुन्हा तिचा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर गाडी नागपूरला आणि पिकअप आंजीला. मी हो म्हटलं, कारण रागात होते. माझ्या त्या गाडीच्या बॉनेटवर कुणाची तरी नवरी रेलून बसणार, ह्या कल्पनेनं माझं डोकं आणखी तापलं.

पहिली चाकं मी आठवड्याच्या आत आणली. वर्ध्यात अपघात झालेली एक मोठी जीप भंगारात आली होती. माझ्या गाडीला प्रत्येक चाकाला पाच नट, जीपच्या चाकालाही पाच भोकं. मी भाव पाडला, ट्रॉलीत टाकली, घरी आणली. दोन बोल्ट भोकात गेले, तिसरा अर्धा गेला, चौथा आणि पाचवा बाहेरच राहिले. चाक चपटं करून बसवायची वस्तू नाही. पाच बोल्ट ज्या गोलावर बसलेले असतात तो गोल जीपचा मोठा आणि माझ्या गाडीचा लहान होता. फरक बोटभरही नाही, पण तेवढाच पुरतो.

"दोन नटावर चालव ना हळूहळू," नवरा म्हणाला.

ती चाकं मी एका जीपवाल्याला चढ्या भावानं विकली. त्यातला नफा नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, हाच धंदा कर मग.

दुसऱ्या वेळी मी माप घेतलं. टमाट्याच्या बियाण्याचा पुठ्ठ्याचा खोका फाडला, हबवर दाबून धरला आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाचही बोल्टांचे ठसे उमटवले. भोकं पाडली. आता हा पुठ्ठा ज्या चाकावर बसेल ते चाक माझ्या गाडीवर बसणार. इतकं सोपं होतं की मला माझंच कौतुक वाटलं. अमरावतीच्या एका पोरानं फोनवर चार चाकं विकायला काढली होती, रुंद, काळी, चकचकीत. मी बसनं पुठ्ठा घेऊन गेले. पुठ्ठा बसला. भाव तुटला. चाकं आंजीला आली, टायर चढवले, नट आवळले, पाचही. जॅक खाली केला आणि गाडी पहिल्यांदा विटांवरून जमिनीवर आली.

दिसायला म्हणाल तर मालगुजाराची घोडी दिसत होती. पण चारही चाकं मडगार्डच्या बाहेर आली होती, कुल्ल्यावर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईच्या कोपरांसारखी. नवरा मागच्या सीटच्या बाजूला वाकून नुसता टेकला आणि मडगार्डची कड टायरवर बसली. ढकलून पाहिली तर करवतीसारखा आवाज. पुठ्ठ्यानं भोकं बरोबर सांगितली होती, पण चाक किती आत बसेल आणि किती बाहेर येईल ते पुठ्ठा कुठून सांगणार? पुठ्ठा तर चपटा.

इथं आंजीच्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं.

आमच्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण काढायची डवरणी करायची तर ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर तासांच्या, म्हणजे पिकाच्या ओळींच्या, अंतराशी जुळवावं लागतं, नाही तर पीक चाकाखाली जातं. त्यासाठी ट्रॅक्टरची मागची चाकं काढून उलटी लावतात. खोलगट बाजू आत होती ती बाहेर, की चाकं सरकली. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे बाहेर आलेली चाकं पाहून अंगणात जमलेल्या एकूण एक माणसाच्या तोंडून एकच गोष्ट निघाली.

"उलटे लावा ना वो काकू."

"हौ, उलटे लावले की जातेत अंदर."

आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, नवरा म्हणाला, शेजारी म्हणाला. आणि मीही म्हणाले, कारण मला पटलं होतं. आम्ही ट्रॅक्टरची माणसं. चाक म्हणजे चाक.

कारचं चाक उलटं बसत नाही. आतल्या बाजूला हबला टेकायला घासून सपाट केलेली जागा असते, बाहेरच्या बाजूला नुसती फुगीर पाकळ्यांची शोभा. आम्ही उलटं लावलं तर ते टेकेचना. नट आवळला की दुसरीकडून उचलायचं. मिस्त्रीनं पाना लावून अंगातला सगळा जोर काढला. मग कळलं की नटाला बसायला जी खोलगट जागा लागते ती या बाजूला नाहीच. शेवटी चाकाची पाकळी ब्रेकच्या पंजावर चढली आणि कट्ट असा आवाज झाला. मग एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "पऱ्हाटीत नाई चालनार मंग हे."

ती चाकं परत घ्यायला अमरावतीचा पोरगा तयार नव्हता, फोनही उचलेना. ती अजून माझ्या शेडमध्ये आहेत, एका चाकाची पाकळी उडालेली. संक्रांत जवळ येत होती. नवरा हल्ली पिकअपचे फोटो मोबाइलवर पाहून जेवत होता.

मग मी साहेबांकडे गेले. जायचं नव्हतं, तरी गेले.

मॅडमनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा टाकला. साहेब आले. चहा आला आणि माझ्यासमोरच्या टीपॉयवर ठेवला गेला. मी कप उचलताना खाली पाहिलं. टीपॉय म्हणजे माझं चाक होतं. आडवं ठेवलेलं, पॉलिश केलेलं, वर गोल काच. काचेखालून पाचही पाकळ्या दिसत होत्या, आणि मधल्या भोकात मॅडमनी प्लॅस्टिकची फुलं खोचली होती.

"कसा झालाय?" मॅडम म्हणाल्या. "सगळे विचारतात, कुठून घेतला."

मी बशी काचेवर जरा जोरातच ठेवली. "साहेब, सडक्या टमाट्याचं वजन काटलं मनून कोनी टमाटे घरी नेते का? माल क्रेटसकट येते."

"ते टोमॅटो असतात," साहेब म्हणाले. "आणि सडकी तर तूच म्हणत होतीस. भंगारात टाकायच्या लायकीची. आता भंगारासाठी एवढ्या लांबून आलीस?"

"भाव करताना बोलाच लागते तसं."

"मग मीही भावच करतोय." त्यांनी चारही चाकांचा आकडा सांगितला. आख्ख्या गाडीला मी जे दिलं त्याचा पाव हिस्सा.

"चार नाही हं," मॅडम मध्येच म्हणाल्या. "तीन घेऊन जा. हा टीपॉय मला राहू दे."

"तीन चाकावर ऑटो चालते मॅडम!"

मी उठले. त्यांच्या चाकांना गिऱ्हाईक मी एकटीच होते, हे मला माहीत होतं. माझ्यापुढे तारीख उभी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सिंदी मेघे ते आंजी बातमी बसच्या आधी पोचते. ज्याला घाई आहे तो भाव करू शकत नाही. हे मी लोकांना शिकवते. दारात चप्पल घालताना साहेब मागून म्हणाले, "विचार कर. कुठं जाणार आहेत चाकं?" मी म्हटलं, "त्याईले हार घाला अन् पूजा करा." आणि निघाले. त्या घराचा राग माझा आजही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

घरी येऊन मी पऱ्हाटीच्या दोन सरळ काड्या शोधल्या. गाडी पुन्हा विटांवर चढवली आणि तिच्या मडगार्डखाली आडवी झाले. पहिली काडी हबच्या तोंडापासून बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत तोडली. म्हणजे टायरनं बाहेर यायची हद्द. दुसरी काडी हबच्या तोंडापासून आत शॉकअपपर्यंत. ती आत जायची हद्द. मागच्या चाकाला जागा कमी होती, म्हणून माप मागचंच धरलं. पुठ्ठा आणि दोन काड्या पिशवीत घातल्या आणि नागपूरची बस पकडली.

चाकांचं दुकान मोठं होतं, भिंतभर चाकं टांगलेली, देवळात घंटा टांगतात तशी. दुकानदार चाळिशीचा, काउंटरवर कोपरं टेकून बसलेला. मी गाडीचं सांगितलं. त्यानं मोबाइलवर फोटो पाहिला.

"ताई, ये गाडी अजून चालते?"

"चाकं भेटले त चालन."

"सत्रा इंच लगाव. काला. आजकल पंधरा कोनी घेत नाई." त्यानं एक भलंमोठं काळं चाक काउंटरवर आदळलं. मी पिशवीतून पुठ्ठा काढला, मग दोन काड्या काढल्या. तो काड्यांकडे पाहत राहिला आणि मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं.

"अरे इधर आ, ताई पराटी लेके आई है."

दोघं पोट धरून हसले. मी थांबले. "हासून झालं असन त धर इकडून," मी म्हटलं, "नाई त दुसरं दुकान समोरच आहे." त्यानं धरलं. काळ्या चाकाची कड काडीच्या पुढे दोन बोटं निघाली. बाद. दुसरं चाक आत जाऊन शॉकअपच्या काडीला भिडलं. बाद. असं करता करता त्याचाही चेहरा बदलला. आता त्यालाही पाहायचं होतं की या काड्यांत बसतं तरी कोणतं. तो माळ्यावर चढला आणि धुळीत पडलेला एक जुना संच खाली काढला. पंधरा इंची, चंदेरी, अगदी साधी चाकं. पुठ्ठा बसला. बाहेरच्या काडीला बोटभर जागा उरली, आतल्या काडीलाही बोटभर.

अशा वेळी चेहरा सांभाळणं हाच खरा धंदा. मी जांभई दिली.

"ओरखडे आहेत याले," मी सुरू केलं, "अन् डिझाइन त..." आणि तिथंच जीभ आवरली. याच वाटेनं गेले होते मागच्या वेळी. "थांब. आधी हे ऐक. चारही चाकं, वीसही नट, सगळं मिळून भाव सांग. कशाचेच पैसे वजा कराचे नाई. पन मी सांगीन तोच आकडा."

"ताई, ये कोनता भाव कराचा तरीका आहे?"

"नवीन आहे."

ही चाकं त्याच्या माळ्यावर किती उन्हाळे पडून होती ते धुळीच्या थरावरून दिसत होतं, त्यामुळे आकडा माझ्याच बाजूला आला. पैसे काढणार तेवढ्यात तो म्हणाला, चाकाचं मधलं भोक तुमच्या हबपेक्षा मोठं आहे, मध्ये रिंग लागेल, नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरेल. चार रिंगा, वेगळे पैसे. मी म्हटलं रिंगा वरून. तो म्हणाला, "ताई, ये काई सांभार नाई आहे."

त्याला काय माहीत, तो कुणाला काय म्हणाला ते. मी तिथंच टायरांच्या थप्पीवर बैठक मारली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी सांगितलं की हा माणूस पहिला आकडा दुप्पट सांगतो. ते दुसरीकडे गेलं. दुसरं आलं, त्याच्याशीही मी गप्पा सुरू केल्या. त्याला वाक्य पुरं करू न देता दुकानदारानं चार रिंगा आणून माझ्या पिशवीत टाकल्या आणि हात जोडले. "माय, तू जाय आता."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चाकं लागली. गाडी जमिनीवर आली आणि चाकं मडगार्डच्या पोटात अशी बसली की जणू तिच्यासोबतच जन्मली होती. सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होते. नवऱ्याला आत बसवायला दोघांना दाबावं लागलं. गुडघे हनुवटीला लागले होते, पण त्यानं तक्रार केली नाही. हे मला जरा खटकलं.

आंजीच्या वेशीवरचा ब्रेकर आला. हळू घेतला. मागून काहीतरी बारीक कुरकुरलं. मी रेडिओ नसलेल्या गाडीत रेडिओ ऐकत असल्यासारखा चेहरा केला. खरांगण्याच्या अलीकडचा ब्रेकर मोठा आहे. तिथं मागून स्पष्ट, लांब आवाज आला. खर्रर्र.

नवरा समोर पाहत म्हणाला, "आला."

मी गाडी कडेला घेतली आणि उतरले. माझ्या काड्या खोट्या बोलणार नाहीत. मागं जाऊन पाहिलं तर गाडीची मागची बाजू बसलेली, मडगार्ड टायरवर टेकलेलं. आणि वास येत होता. मी डिक्की उघडली. आत कांद्याचे दोन गच्च कट्टे होते, पोती म्हणा.

"हे काय होय?"

"कांदे," नवरा आतूनच म्हणाला. त्याला लवकर उतरता येत नव्हतं.

"ते दिसून राह्यले मले! कोनं टाकले?"

"अवं, गाडी आर्वीले जाऊनच राह्यली होती. रिकामी कायले न्याची?"

खरं सांगते, मला फसवायला त्यानं टाकले असते तर मला इतका राग आला नसता. त्यानं खरोखर आर्वीच्या एका हॉटेलवाल्याला शब्द दिला होता. माझ्या गाडीचा फैसला होता आणि ह्या माणसाच्या डोक्यात भाडं वाचत होतं.

"दोन मानसं ठरलं होतं! कांद्याचं कोन बोल्लं होतं?"

"जे गाडी दोन कट्टे नाई नेत ते गाडी कामाची काय?"

"कामाची नाईच आहे! मनूनच घेतली मी!"

आमचा आवाज शेजारच्या बसथांब्यापर्यंत गेला. लोक जमले. एकानं गाडीसोबत फोटो काढला, दुसऱ्यानं विचारलं विमान आहे का. मग एक बाई गर्दीतून वाकून डिक्कीत पाहत म्हणाली, "कांदे कसे देल्ले?"

मी तोंड उघडलं ते नवऱ्याशी भांडायला, आणि भाव सांगून मोकळी झाले. तिनं घासाघीस केली. मी केली. माझ्या पिशवीत टांगता वजनकाटा नेहमी असतो. तो नवऱ्याच्या हातात दिला. पहिल्या बाईनं घेतले म्हणून दुसरीनं घेतले. एका मोटरसायकलवाल्यानं हेल्मेटमध्ये घेतले. लाल गाडीतून कांदे विकताहेत हे पाहायला थांबलेला माणूस रिकाम्या हातानं जाईना. कांदे कमी होत गेले तशी गाडी मागून इंच इंच वर येत गेली, आणि मडगार्ड आणि टायरच्या मध्ये माझं बोटभर अंतर पुन्हा दिसायला लागलं. आर्वीच्या हॉटेलवाल्याला नवऱ्यानं फोन करून सांगितलं की कांदे वाटेतच संपले.

कट्टे घडी करून सीटखाली घातले आणि निघालो. खरांगण्याच्या पुढचा ब्रेकर. आवाज नाही. त्यानंतरचे खड्डे, जे मुद्दाम चुकवले नाहीत. आवाज नाही. आर्वीच्या डेपोपाशी वळलो, उसाचा रस प्यायलो, परत निघालो. येताना मी तोच मोठा ब्रेकर जरा जोरातच घेतला. नवऱ्याचं डोकं टपाला लागलं. बाकी कसलाच आवाज नाही.

घरापाशी आल्यावर नवऱ्यानं आत बसल्या बसल्याच नागपूरच्या माणसाला फोन लावला. "नाई भाऊ, नाई देत," तो म्हणाला. "काऊन मंजे? घासत नाई ना आता." पलीकडचा काहीतरी बोलत राहिला. नवरा ऐकत राहिला, दोनदा नाई म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

"किती म्हनून राह्यला होता?" मी विचारलं.

त्यानं आकडा सांगितला.

"येवढेच? अन् तुम्ही फोन ठेवला? अजून दोनदा नाई म्हनले असते त वाढवले असते त्यानं."

"तुले विकाची आहे का गाडी?"

"नाई," मी म्हटलं. "लावा फोन."